अवजाराला जागा, कामाला गती
हातअवजारांची घरगुती मांडणी, साठवण व निगा

आषाढातील मध्यरात्र. दिवसभर कोसळणारा पाऊस थांबायचे नाव घेत नाही. भाताच्या खाचराचा बांध एका कोपऱ्यात फुटतो आणि कालच टाकलेले खत पाण्याबरोबर खालच्या शेतात वाहू लागते. अशा वेळी बांधाला चार फावडी माती आणि दोन पेंढ्या पाचोळा मिळाला, तर खाचर वाचते. परंतु घरातील फावडे कोठे आहे हे फक्त घरच्या वडीलधाऱ्या माणसाला ठाऊक असते, आणि तो नेमका तापाने अंथरुणाला खिळलेला असतो. मुलगा रात्रपाळीला गेलेला. सून कंदील घेऊन पडवी, गोठा, माळा आणि परसू धुंडाळते. फावडे अखेर सापडते ते गवताच्या भाऱ्याखाली, आणि तेही दांडा निखळलेल्या स्थितीत. तोवर खाचरातील पाणी ओसरलेले असते.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. पालघर तालुक्यात, बोईसरच्या पश्चिमेस समुद्राच्या बाजूला असलेल्या पाम, कुंभवली, कोलवडे, नवापूर या भागातील कोणत्याही शेतकरी कुटुंबाला ते आपल्या घरचे वाटावे असे आहे. “काखेत कळसा आणि गावाला वळसा” ही म्हण शेतकऱ्याच्या घरी अवजारांच्या बाबतीत वर्षातून अनेकदा खरी ठरते. बी-बियाणे, खत, पाणी यांचा विचार शेतकरी काळजीपूर्वक करतो. परंतु विळा, कोयता, कुदळ, फावडे, खुरपे, पहार, कानस, पक्कड ही रोजच्या उपयोगाची साधने मात्र जेथे काम संपेल तेथे पडून राहतात. त्यांना घरात स्वतःची अशी जागा नसते. या लहानशा उणिवेमुळे होणारे नुकसान लहान नाही.

नुकसानीचा हिशेब

प्रथम वेळेचा विचार करू. कापणीच्या दिवसांत शेतावर सहा माणसे कामाला आहेत, आणि अवजारे शोधण्यात, धार लावण्यात किंवा सैल मूठ ठोकून बसविण्यात प्रत्येकाची रोज केवळ पाव तास वेळ जातो असे धरले, तर रोजचा दीड तास वाया जातो. वीस दिवसांच्या हंगामात हा वेळ तीस तासांचा होतो. आठ तासांचा एक दिवस धरल्यास जवळजवळ चार दिवसांची मजुरी केवळ शोधाशोधीत जाते. पाऊस तोंडावर असताना उभ्या पिकाला हे चार दिवस किती मोलाचे असतात, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

दुसरे नुकसान अवजाराचे. योग्य निगा राखलेला कोयता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकतो. उघड्यावर पडलेला कोयता दोनतीन पावसाळ्यांतच गंजून निकामी होतो. पूर्वी गावात किंवा शेजारच्या गावात लोहार असे. दांडा बसविणे, पात्याला पाणी देणे ही कामे तो धान्याच्या मोबदल्यात करून देई. आज पुष्कळ गावांतून भाता बंद पडला आहे. त्यामुळे मोडलेले अवजार दुरुस्त होण्याऐवजी टाकले जाते व बाजारातून नवे, बहुधा हलक्या पोलादाचे, विकत आणले जाते.

तिसरे नुकसान सर्वांत गंभीर, ते शरीराचे. वळचणीला खोचलेला विळा, दाराआड उभी केलेली कुऱ्हाड, गवतात विसरलेले खुरपे, ही सर्व घरातील मुलांना व स्त्रियांना इजा करण्याची साधने होत. शेतातील माती व शेण यांत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि ते वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. गंजामुळे धनुर्वात होतो अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. धनुर्वात होतो तो जखमेत शिरलेल्या मातीतील जंतूंमुळे. पाते चकचकीत असले तरी मातीने माखलेले असल्यास धोका तोच. म्हणून कोणतीही जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने ताबडतोब धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी आणि धनुर्वातप्रतिबंधक लस घेतली आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.

किनाऱ्यावरील हवा आणि गंज

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की गंज चढतो. किनारपट्टीवर यात चौथ्या घटकाची भर पडते, तो म्हणजे मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येऊन पात्यावर बसतात. मीठ हवेतील दमटपणा शोषून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही पात्यावर ओलाव्याचा पातळ थर टिकून राहतो व गंजण्याची क्रिया वेगाने चालू राहते. घाटावर एखादे अवजार न पुसता ठेवले तर चालून जाईल. तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यालगत मात्र ते चालणार नाही. रासायनिक खते हाताळलेली घमेली व फावडीही याच कारणाने लवकर गंजतात, कारण बहुतेक खते क्षारयुक्त असतात. अशी अवजारे काम संपताच गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावीत.

पहिली पायरी : निवड

मांडणीचा आरंभ फळी किंवा खिळे आणण्यापासून होत नाही. तो निवडीपासून होतो. एखाद्या उघडीप असलेल्या दिवशी घरातील, गोठ्यातील व माळ्यावरील सर्व हातअवजारे अंगणात एका गोणपाटावर आणून मांडावीत. आपल्याकडे प्रत्यक्षात किती अवजारे आहेत हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. जे खुरपे हरवले म्हणून नवे आणले, ते जुन्या खुरप्याच्या शेजारीच पडलेले आढळेल.

यानंतर त्यांचे चार भाग करावेत.

१. रोज लागणारी : विळा, कोयता, खुरपे, कुदळ, फावडे, घमेले.
२. हंगामी : कलमाचा चाकू, छाटणीची कात्री, फळे काढण्याचा झेला, दाताळे.
३. दुरुस्तीची : हातोडा, पक्कड, पाने, पेचकस, करवत, पटाशी, गिरमिट, कानस, धारेचा दगड.
४. निरुपयोगी : तडा गेलेली पाती, कुजलेले दांडे, वाकलेले खिळे.

चौथ्या भागातील वस्तू “कधीतरी उपयोगी पडेल” म्हणून परत आत नेऊ नयेत. चांगले पोलाद असलेली पाती लोहाराकडे द्यावीत, उरलेले भंगारात घालावे. निरुपयोगी वस्तूंनी अडविलेली जागा उपयोगी वस्तूंना मिळाली पाहिजे.

जागा कोणती असावी

अवजारांची जागा तीन गोष्टी पाहून निवडावी : ती कोरडी असावी, उजेडाची असावी आणि शेताकडे जाण्याच्या वाटेवर असावी. या दृष्टीने मागील पडवी सर्वांत सोयीची. गोठ्यात अवजारे ठेवू नयेत. शेण व मूत्र यांपासून निघणाऱ्या अमोनियाच्या वाफांनी व ओलाव्याने लोखंडास गंज चढतो. चुलीवरील माळा कोरडा असतो हे खरे, परंतु तेथील उष्णतेने लाकडी दांडे आक्रसतात व सैल होतात. म्हणून माळ्यावर केवळ पाती ठेवावीत, दांडेवाली अवजारे ठेवू नयेत.

या भागातील अनेक घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या असतात. अशा भिंतीत खिळा ठोकला तर तो टिकत नाही आणि लिंपणही उकलते. तेथे भिंतीचा आधार न घेता दोन मेढींना आडवा वासा किंवा जाड बांबू घट्ट बांधावा आणि अवजारांची फळी त्या वाशाला टांगावी. पक्क्या विटांच्या भिंतीवर फळी बसविताना ती भिंतीला चिकटवू नये. मागे एक इंच जाडीच्या दोन उभ्या पट्ट्या ठोकून मध्ये हवा खेळण्यास जागा ठेवावी. पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि चिकटून बसविलेली फळी त्या ओलीने कुजते.

फळी तयार करण्याची रीत

चार फूट लांब व तीन फूट उंच फळी एका कुटुंबाच्या लहान अवजारांना पुरते. जुन्या दाराची फळी, पेटीचे लाकूड किंवा अर्धा इंच जाडीचे प्लायवुड यांपैकी जे घरी असेल ते चालेल. फळीला दोन्ही बाजूंनी रंगाचा किंवा जवसाच्या तेलाचा हात द्यावा. कडांना तो विसरू नये, कारण पाणी प्रथम कडांतूनच शिरते.

फळी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर अवजारे प्रत्यक्ष मांडून पाहावीत. जी वारंवार लागतात ती हाताशी येतील अशी मध्यभागी, धारदार ती वरच्या ओळीत, बोथट व लहान ती खाली, असा क्रम ठेवावा. दोन अवजारांमध्ये किमान तीन बोटांचे अंतर असावे, म्हणजे एक काढताना दुसरे पडणार नाही. मांडणी मनासारखी झाली की प्रत्येक अवजाराभोवती पेन्सिलीने रेघ मारून आकार काढून घ्यावा आणि त्या आकारात पांढरा तैलरंग भरावा. मग खुंट्या बसवाव्यात. बांबूच्या किंवा टणक लाकडाच्या खुंट्या चांगल्या. त्या टोकाकडे किंचित वर झुकलेल्या असाव्यात. खिळे वापरावयाचे असल्यास जस्ताचा मुलामा दिलेले वापरावेत, साधे खिळे किनाऱ्याच्या हवेत लवकर गंजतात.

या पांढऱ्या आकृतीचा उपयोग मोठा आहे. सायंकाळी फळीकडे एकवार नजर टाकली की कोणती जागा रिकामी आहे व कोणते अवजार शेतात राहिले हे क्षणात कळते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळते, आणि घरात नव्याने आलेल्या सुनेलाही कोणाला काही विचारावे लागत नाही. गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रेघांनी अवघे जीवन रेखाटणाऱ्या या वारली मुलखात असे आकार काढणाऱ्या हातांची उणीव मुळीच नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत काम करणाऱ्या गावच्या तरुणांना ही पद्धत नवी वाटणार नाही. यंत्रशाळेत हत्यारांच्या आकृती काढलेले फलक असतात. जपानमधील कारखान्यांनी या व्यवस्थेला पाच शब्दांत बांधले आहे : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके, म्हणजे निवड, मांडणी, स्वच्छता, सातत्य आणि शिस्त. पाळीवर जाऊन जो तरुण तेथे पाना त्याच्या जागेवर ठेवतो, त्याने घरच्या कुदळीलाही तोच मान द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि खंडेनवमीला शस्त्रे-अवजारे धुऊन पुसून पूजण्याची आपली रीत पाहिली, तर स्वच्छता व मांडणी हे विचार परके नाहीत हे सहज ध्यानात येईल. वर्षातून एकदा जे भक्तीने करावयाचे, ते रोज सवयीने करावयाचे, इतकाच फरक.

धारदार व जड अवजारे

विळा व कोयता टांगताना धार भिंतीकडे असावी. ही ओळ जमिनीपासून पाच फुटांहून उंच ठेवावी, म्हणजे लहान मुलांचा हात पोहोचणार नाही. तरीही ती इतकी उंच नसावी की घरातील स्त्रीला स्टूल घ्यावे लागेल, कारण विळ्याचे काम अधिकांश तीच करते. विळ्याच्या पात्यासाठी उभ्या चिरलेल्या बांबूचे म्यान करावे. करवतीच्या दातांवरही अशीच बांबूची चीप बसवून सुतळीने बांधावी. पटाश्या एकत्र डब्यात टाकू नयेत, धार धारेवर आपटून बोथटते. एका पट्टीला खाचा पाडून प्रत्येक पटाशी स्वतंत्र उभी करावी. कानशीही एकमेकींना घासू देऊ नयेत, त्या कापडात वेगवेगळ्या गुंडाळाव्यात.

शेतावर जाताना कमरेच्या आकडीत कोयता अडकविण्याची या भागातील जुनी रीत उत्तम आहे. हात मोकळे राहतात आणि कोयता बांधावर विसरला जात नाही. घरी आल्यावर मात्र आकडीसह कोयता खाटेवर न टाकता फळीवर टांगावा.

कुदळ, फावडे, टिकाव, पहार ही जड अवजारे फळीवर टांगू नयेत. त्यांच्यासाठी फळीशेजारी विटांचा चार इंच उंचीचा ओटा करून त्यावर उभी ठेवण्याची सोय करावी. एक फूट व तीन फूट उंचीवर दोन आडवे बांबू बांधून त्यांत अवजारे अडकविल्यास ती घसरत नाहीत. ओट्यामुळे दांड्याला ओल व वाळवी लागत नाही. कुऱ्हाड उभी करू नये. तिचे डोके दोन मजबूत खुंट्यांवर टेकवून दांडा खाली लोंबता ठेवावा.

लहान जिनसा

खिळे, चुका, स्क्रू, वॉशर, तार, सुतळी, पंपाचे जादा नोझल, रबरी चकत्या अशा लहान जिनसांनी शेतकऱ्याचा सर्वाधिक वेळ घेतलेला असतो. यांसाठी झाकणाच्या पारदर्शक बरण्या घ्याव्यात. बरणीचे झाकण फळीखालच्या आडव्या पट्टीला आतून स्क्रूने पक्के करावे आणि बरणी त्यात खालून फिरवून बसवावी. जागा लागत नाही, आतील वस्तू दिसते व ओलावाही शिरत नाही. प्रत्येक बरणीत एकच जिन्नस ठेवावी. कीटकनाशकांचे रिकामे डबे व बाटल्या या कामी चुकूनही वापरू नयेत.

शेतावर नेण्यासाठी दुरुस्तीची एक वेगळी पिशवी किंवा पत्र्याची लहान पेटी असावी. तीत पक्कड, एक पाना, पेचकस, त्रिकोणी कानस, थोडी तार, सुतळी, दोन पाचरी आणि जखमेवर बांधावयाचे स्वच्छ कापड असावे.

दांडे व मुठी

अपघातांचे एक मोठे कारण सैल दांडा हे होय. दांड्यासाठी धामणीचे लाकूड उत्तम. ते चिवट व लवचिक असल्याने घावाचा झटका हाताला कमी बसतो. बाभूळही चांगली. लाकूड पूर्ण वाळलेले असावे आणि त्याच्या रेषा दांड्याच्या लांबीला समांतर असाव्यात. गाठ असलेला दांडा नेमका गाठीवर मोडतो.

दांडा सैल झाला की तो पाण्यात भिजत ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. लाकूड फुगून तो दिवसभर घट्ट राहतो खरा, परंतु भिजताना नेढ्यात दाबले गेलेले लाकूड वाळल्यावर पूर्वीपेक्षाही अधिक आक्रसते. म्हणजे प्रत्येक भिजवणीने दांडा अधिकच सैल होत जातो. दांड्याच्या टोकाला चीर देऊन वाळलेल्या टणक लाकडाची पाचर ठोकणे हाच खरा उपाय. विळ्याच्या मुठीला तोंडाशी लोखंडी कडे, म्हणजे वसवी बसवावी, त्यामुळे मूठ फाटत नाही.

वर्षातून दोनदा दांड्यांना जवसाचे तेल चोळावे. हे तेल हवेत हळूहळू सुकून लाकडावर संरक्षक थर धरते. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना त्यांत उष्णता साठून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्यावर एकेक पसरून वाळू द्याव्यात व मगच टाकाव्यात.

साफसफाई व धार

रोज सायंकाळी तीन गोष्टी कराव्यात : माती खरवडावी, पाते कोरडे पुसावे, तेलाचा हात फिरवावा. या सर्वांस एका अवजारामागे एक मिनिटही लागत नाही. नारळाच्या सोडणाचा तुकडा खरवडण्यास उत्तम आणि तो परसात फुकट मिळतो. फळीजवळ तेलात भिजविलेला कापडाचा तुकडा झाकणाच्या डब्यात ठेवावा. फळे, भाजी किंवा नारळ कापण्याच्या हत्यारांना खोबरेल लावावे. इंजिनाचे जळके तेल त्यांना लावू नये, त्यात आरोग्यास घातक द्रव्ये असतात.

चढलेला गंज काढण्यासाठी पात्यावर थोडे डिझेल लावून रात्रभर ठेवावे व सकाळी विटेच्या बारीक भुकटीने किंवा पॉलिश कागदाने घासावे. हे काम चुलीपासून दूर करावे. कुदळ-फावड्यांसाठी बादलीभर कोरड्या वाळूत थोडे तेल मिसळून ठेवावे व काम संपल्यावर पाते त्यात दोनचार वेळा खुपसून काढावे. माती निघते व तेलही लागते.

साध्या कोयत्याला ओल्या दगडावर मूळचा उतार कायम ठेवून धार लावावी. विजेच्या चाकावर घाईने धार लावू नये. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते, आणि मग त्या जागी धार टिकत नाही. दातेरी विळ्याची गोष्ट निराळी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला वैभव विळा या प्रकारचा आहे. त्याचे दाते करवतीप्रमाणे कापतात, म्हणून त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. असा विळा दगडावर घासल्यास दाते नाहीसे होतात. त्याची निगा म्हणजे दात्यांतील माती-चीक काढणे व ते एकमेकांवर आपटू न देणे.

चिकू व आंब्याच्या बागाइतदारांनी छाटणीची कात्री व कलमाचा चाकू एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना स्पिरिटने पुसावा, म्हणजे रोगाचा प्रसार होत नाही. हंगाम संपल्यावर ही हत्यारे तेल लावून, मेणकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

विषारी औषधे वेगळी

कीटकनाशके, तणनाशके व फवारणी पंप यांची जागा अवजारांच्या फळीजवळ नसावी. त्यांच्यासाठी घराबाहेर कुलपाची स्वतंत्र पेटी असावी. औषध मूळच्याच डब्यात, मूळच्या चिठ्ठीसह ठेवावे. धान्य, पशुखाद्य आणि पिण्याचे पाणी यांच्या शेजारी ते कदापि ठेवू नये. या एका बाबतीत केलेली हयगय माणसाच्या जिवावर बेतते.

उसनवारीची शिस्त

गावात अवजार उसने देणे हा शेजारधर्म आहे, तो मोडू नये. परंतु उसने गेलेले अवजार विसरले जाते व त्यातून मने दुरावतात. यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक दांड्यावर तापलेल्या तारेने घरची खूण व अनुक्रमांक उमटवावा. अवजार कोणी नेले की त्याच्या रिकाम्या खुंटीला पत्र्याची एक चकती अडकवावी व तिच्यावर खडूने नेणाऱ्याचे नाव लिहावे. मागण्याची वेळच येत नाही. शेजारी आला की चकती त्यालाही दिसते.

क्वचित लागणारी महागडी साधने प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. बचत गटाने किंवा शेतकरी गटाने ती एकत्र घेऊन याच पद्धतीने ठेवावीत. कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले, तेव्हापासून अवजारे बँकेची कल्पना शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली आहे. घरची फळी ही तिचीच लहान आवृत्ती समजावी.

वर्षाचे वेळापत्रक

वैशाख-ज्येष्ठ (मे) : पावसापूर्वी सर्व दांडे तपासावेत, पाचरी ठोकाव्यात, तेल चोळावे. फावडी-कुदळी प्रथम सज्ज कराव्यात.
आषाढ-श्रावण (जुलै-ऑगस्ट) : लावणीच्या दिवसांत रोज पुसणे व तेल. आठवड्यातून एकदा फळीच्या मागे ओल आहे काय ते पाहावे.
आश्विन (खंडेनवमी) : सर्व अवजारे खाली उतरवून संपूर्ण साफसफाई. हळव्या भाताची कापणी व पुढे गवत-कापणी याच सुमारास असल्याने विळ्यांची तयारी आपोआप वेळेवर होते.
पौष-माघ (जानेवारी) : मोडतोड झालेली अवजारे दुरुस्तीस द्यावीत. या दिवसांत कारागिराकडेही गर्दी नसते.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एक अनुभव पुनःपुन्हा घेतला आहे : सांगितलेले विसरले जाते, पाहिलेले लक्षात राहते. म्हणून या विषयावर सभा घेण्यापेक्षा गावात एका घरी एक फळी उभी करावी. घर श्रीमंताचे निवडू नये. कुडाच्या भिंतीचे, एका एकराचे, ज्याचा मुलगा पाळीवर जातो असे घर निवडावे. फळीचे सामान त्याच घरातील जुन्या लाकडातून काढावे, म्हणजे “आम्हाला परवडत नाही” हा आक्षेप उरणार नाही. फळी उभारताना घरातील स्त्रियांना अवश्य बोलवावे व कोणते अवजार कोठे व किती उंचीवर असावे हे त्यांना विचारावे.

या कामी एक अडचण हमखास येते. घरातील वडील माणूस म्हणतो, “माझी कुदळ कोठे आहे ते मला अंधारातही सापडते. फळी कशाला?” त्याचे म्हणणे खोटे नसते. चाळीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक अवजाराची जागा त्याच्या डोक्यात पक्की असते. त्याचा अवमान न करता एवढेच विचारावे, “बाबा, तुम्हाला सापडते, पण तुम्ही घरी नसाल त्या रात्री सूनबाईला सापडेल काय?” हा प्रश्न बहुधा पुरेसा होतो. अवजारांची जागा वडिलांच्या डोक्यातून भिंतीवर आणणे, म्हणजे त्यांचे ज्ञान साऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन करणे होय. फळीवरील आकार काढण्याचे काम त्यांनाच द्यावे, कारण कोणते अवजार कोणत्या हाताला हवे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणासही ठाऊक नसते.

असे झाले म्हणजे पुढील आषाढात बांध फुटलाच, तर सून पडवीत जाईल आणि कंदिलाच्या पहिल्या उजेडात तिला घट्ट दांड्याचे फावडे ओट्यावर उभे दिसेल. खाचरातले पाणी खाचरातच राहील. काम आटोपून ती परतेल, फावड्याची माती धुईल, पाते पुसेल आणि ते पुन्हा त्याच्या जागी उभे करील. तापातून डोळे उघडून वडील विचारतील, “बांध धरला का?” आणि त्यांना उत्तर देण्यापूर्वीच फावडे ओट्यावर टेकल्याचा ओळखीचा आवाज त्यांच्या कानी पडेल.